चौकटवाल्या अप्पाजींचा एकपायी माणूस

कुंभेश्वराच्या देवळाजवळच्या गल्लीत अप्पाजींचे फोटोंच्या चौकटी करण्याचे दुकान आहे. दुकान म्हणायचे एवढेच. दोन गिऱ्हाइके आत आली की तिसऱ्याने पायरीवर उभे राहायचे. भिंतभर देव टांगलेले, मधूनमधून कुणाचे वारलेले आजोबा, कुणाचे लग्नातले घामाघूम जोडपे, आणि या सगळ्यांच्या नजरेखाली अप्पाजी स्टुलावर बसून काच कापत असतात. हात चांगला आहे. त्यांच्या चौकटीचा कोपरा कधी उघडा पडत नाही. पण गावात त्यांचे नाव आहे ते हातासाठी नाही, तोंडासाठी आहे.

कारण अप्पाजींना चित्र नुसते चौकटीत बसवता येत नाही. आधी ते कोण, कुठले, असे का बघते आहे, हे कळले पाहिजे. कोणी बापाचा फोटो घेऊन आला की हे विचारणार, खांद्यावरचा हा हात कोणाचा, आणि त्या हाताचा माणूस कापून का टाकला? थोडक्या कामाला आलेला माणूस बराच वेळ बसून घरी जातो, आणि वाटेत त्याच्या लक्षात येते की भावाशी झालेले भांडण आपण बायकोलाही सांगितले नव्हते. पंकजाबाई, म्हणजे अप्पाजींच्या पत्नी, म्हणतात की तुम्ही काच कमी कापता आणि माणसे जास्त. अप्पाजींना हे बोलणे लागत नाही. त्यांना ते कौतुकच वाटते.

घराणे तंजावरच्या मराठ्यांचे. पूर्वज राजांच्या पदरी काहीतरी होते; काय होते ते प्रत्येक चुलता वेगळे सांगतो. दुकानात तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठी अशी की पुण्याकडचा पाहुणा जेवायला बसला तर त्याला वाटावे, आपल्याला कोणी बखर वाचून दाखवत आहे. घर मोठे नाही, पण दोघांना ते मोठेच पडते. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली आणि मूल नाही. तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीचे तूप पंकजाबाईंनी श्रद्धेने घेतले. दोनदा आशा लागली आणि दोनदा ती अर्ध्यातच गेली. दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर त्या घरात पाळण्याचा विषय कोणी काढला नाही.

मग दत्तक घ्यायचे ठरले, नाव नोंदवले, आणि वाट बघणे सुरू झाले. तान्ह्या बाळासाठी रांग फार मोठी. मध्ये एकदा संस्थेच्या बाईंनी विचारले, थोडे मोठे मूल चालेल का? पंकजाबाई हो म्हणाल्या, अप्पाजींनी मान हलवली. मान हलवायला काय जाते? अजून काही समोर आलेले नव्हते.

ते समोर आले एका बुधवारी दुपारी. फोनवर एक फोटो, खाली थोडी माहिती. मुलगी, सहा वर्षांची, नाव सौम्या. तिरुच्चीकडच्या संस्थेत आहे. तब्येत चांगली. फारशी बोलत नाही. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्या कुटुंबाला विचारले जाईल.

पंकजाबाईंनी फोटो पाहिला आणि त्यांचे ठरून गेले. ते त्यांच्या चेहऱ्यावर इतके स्पष्ट दिसत होते की अप्पाजींनी नजर दुसरीकडे वळवली. त्यांचे घोडे कुठे अडले होते ते त्यांनी खरे सांगितले. तान्हे मूल म्हणजे कोरा कागद. ही सहा वर्षांची. त्या सहा वर्षांत तिने कोण पाहिले, कोणाला काय म्हणून हाक मारली, कोणी तिला सोडले, यातले आपल्याला काही ठाऊक नाही. दुसऱ्याने चौकट केलेले चित्र आपल्या भिंतीवर लावायचे, आणि ते आपले म्हणायचे? आणि तिने आपल्याकडे पाहिले आणि तिला बाप दिसलाच नाही तर?

पंकजाबाईंनी सगळे ऐकून घेतले. वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "मी माझें सांगिटलें. आतां तुम्ही तुमचें सांगा. माझ्या तोंडाकडे पाहून सांगूं नका." आणि त्या तांदूळ निवडायला बसल्या. अशा बाईपुढे माणसाने काय करावे? भांडली असती तर अप्पाजींना भांडता तरी आले असते.

गुरुवारी सकाळी ते दुकानात आले तेव्हा नाही म्हणायचे जवळजवळ ठरले होते, आणि त्यांना त्यात एका चित्राचा आधार मिळाला होता.

हे चित्र आठवड्यापूर्वी नंदिताने आणून दिले होते. नंदिता त्यांच्याच गल्लीतली, आपल्या मराठी घरांपैकी एकातली मुलगी. चेन्नईची नोकरी सोडून परत आली आणि घरच्या माडीवर बसून फोनवरून लोकांना टॅरोचे पत्ते वाचून दाखवू लागली. टॅरो म्हणजे चित्रांचे पत्ते. मनात प्रश्न धरायचा, पत्ता ओढायचा, आणि चित्रावरून उत्तर लावायचे. अप्पाजींनी तिला विचारले होते की आपल्या देवळाबाहेरच्या पोपटवाल्यापेक्षा यात वेगळे काय? नंदिता हसून म्हणाली की पोपटाचा खर्च वाचतो. त्या जुडीतल्या एका पत्त्याचे मोठे चित्र तिने मैत्रिणीकडून रंगवून घेतले होते, माडीवरच्या भिंतीसाठी. चित्रावर ना नाव, ना अक्षर. ती घाईत होती. अप्पाजींना कोण, कुठला विचारायलाही सवड मिळाली नाही, आणि हे त्यांना आठवडाभर सलत होते.

चित्रात एक माणूस. एका पायावर उभा, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे घेतलेला. हात पाठीशी. पायाखाली आडवे लाकूड, पाठीमागे उभा खांब, पायात तोडा असावा तसे काहीतरी. डोक्यामागे पिवळे तेज. चेहरा शांत. अप्पाजींना तो कोण हे कळले नाही, पण काय करतो आहे ते लगेच कळले. आपल्याकडे पोरालाही कळेल. एका पायावर उभा राहून माणूस दुसरे काय करणार? तप. त्यांनी साजेशी काळी पट्टी निवडली, चौकट केली, वर कडी ठोकली आणि तो देवांच्या रांगेत टांगून दिला.

त्या सकाळी त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि मनाशी म्हणाले, हेच उत्तर. तपाला घाई चालत नाही. वर मिळेपर्यंत दुसरा पाय खाली टेकायचा नसतो. आपण इतकी वर्षे उभे आहोत, अजून थोडे उभे राहू. तान्हे बाळ मिळेल. माणसाला नाही म्हणायचे असले की देवसुद्धा त्याच्या बाजूने साक्ष देतात; हा तर देवही नव्हता.

तेवढ्यात नंदिता आली, चित्राकडे पाहिले, आणि पायरीवरच थबकली.

"मामा, हें काय केलांत? हा उलटा आहे."

"उलटा कसा? पाय खालीं, डोकें वर. माणूस असाच असतो की."

मग तिने समजावले. हा उभा नाही, हा टांगलेला माणूस आहे. ते लाकूड त्याच्या पायाखाली नाही, वर आहे, आणि तोडा म्हणता ती दोरी आहे. एका पायाने खाली डोके करून लोंबकळतो आहे, पण स्वतःच्या इच्छेने, जग दुसऱ्या बाजूने बघावे म्हणून. अप्पाजींनी चौकट काढून उलटी धरली. खरेच की! माणूस लोंबत होता आणि तरीही त्याच्या तोंडावर तीच शांती होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कडी चुकीच्या बाजूला ठोकली होती. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. अप्पाजींचे डोळे चमकले.

बरे, मग याचा अर्थ काय, त्यांनी विचारले. नंदिता म्हणाली, पत्ता कसा पडतो त्यावर अर्थ बदलतो. असा लोंबता पडला तर थांबा, शांतपणे बघा. आणि तुम्ही टांगला आहे तसा उलटा पडला तर त्याचा अर्थ, उगाच लोंबत राहिलात, आता पुरे, खाली या.

अप्पाजी पुन्हा स्टुलावर बसले. म्हणजे त्याच भिंतीवर, त्याच चित्रात, त्यांनी वाचले होते 'अजून थांब', आणि ज्या मुलीचा हा धंदाच आहे ती वाचत होती 'थांबणे पुरे'. त्यांनी तिला खरे सांगून टाकले, मुलीचे, संध्याकाळचे, सगळे. नंदिताने पत्त्यांची टिमकी वाजवली नाही, हे तिचे चांगुलपण. ती म्हणाली की ती कोणालाही आधी अर्थ सांगत नाही, आधी विचारते, तुम्हाला काय दिसते? मग कडी आजच बदलायची का, यावर तीच म्हणाली, राहू द्या दोन दिवस, मला घाई नाही.

तिने मोठी चूक केली. तुम्हाला काय दिसते, हा प्रश्न तिने अशा माणसाच्या हाती दिला होता की ज्याला तो सबंध गावाला विचारता येणार होता.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. अप्पाजींनी चौकट पायरीवर आणली आणि जो येईल त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली. उभी, आडवी कशी धरायची ते ज्याचे त्याने ठरवावे. समोरचा फुलवाला मणी, ज्याच्या टोपलीतून गेल्याच महिन्यात कोणीतरी माळा पळवल्या होत्या, एक नजर टाकून म्हणाला, चोर. हात मागे बांधलेत, दिसत नाही? नाचियार्कोविलहून पितळी दिव्यांची पोती घेऊन आलेला व्यापारी सूर्या याने चित्र लोंबते धरले आणि म्हणाला की हा साखळीचा दिवा आहे, वर दोरी, खाली ज्योत. काम बरे आहे, पण साखळी आखूड. विठ्ठलाच्या मंडळात भजन धरणारे हरिकृष्णराव यांनी चष्मा पुसून फार वेळ पाहिले. हात कमरेवर असते तर ओळखीचा निघाला असता, ते म्हणाले. हात मागे आहेत, म्हणजे हा देव नव्हे, देवापुढे गप्प उभा राहिलेला कोणीतरी.

अप्पाजींची थोरली बहीण सरस्वतीअक्का बाजाराला जाताना डोकावली. तिला मुलीचे कळलेले होते आणि तिला ते मुळीच पसंत नव्हते. तिने चित्र हातातही घेतले नाही. लांबूनच विचारले, "कोणाच्या घरचा हा?"

अप्पाजी हसले, आणि हसता हसता थांबले. चोर, दिवा, भक्त, घराणे. चित्र एकच, आणि प्रत्येकजण त्यात स्वतःच्या घरातले सामान बघत होता. मग मला तपस्वी का दिसला? सकाळपासून जे उत्तर ते चित्राचे म्हणून जपत होते ते कोणाचे होते, हे आता लपण्यासारखे राहिले नाही. चित्र बिचारे गप्प होते. बोलत होते ते अप्पाजी, आणि घाबरून बोलत होते.

हे कळल्याने मात्र काम सोपे झाले नाही. भीती ओळखली म्हणून ती उठून जात नाही. दुपारी पंकजाबाई डबा घेऊन आल्या. रोज डबा ठेवून थोडा वेळ बसतात, त्या दिवशी उभ्याच होत्या. अप्पाजींनी त्यांच्याही पुढे चौकट धरली. त्यांनी ती फिरवली नाही, मुडपलेल्या पायावर बोट ठेवले.

"याचा एक पाय मोकळाच आहे की. कोण धरलें याला?"

एवढे बोलून त्या गेल्या. अप्पाजींना दहीभात गोड लागला नाही.

जेवणानंतर गल्ली सुस्तावते. मणी टोपलीवर ओले फडके टाकून तिच्याशेजारी झोपतो. अप्पाजी काचेवरचे बोटांचे ठसे पुसत बसले. मणीचे, सूर्याचे, हरिकृष्णरावांचे, पंकजेचे. आणि पुसता पुसता, अगदी सहज, त्यांच्या मनात आले की त्या पोरीला काय दिसेल?

त्यांनी अंदाज करून पाहिला. सहा वर्षांच्या मुलीला तपस्वी दिसेल का? तिला कोणी भगीरथाची गोष्ट सांगितली असेल का? चोर दिसेल? तो दिसला तर वाईट. म्हणजे तिने काही भलतेच पाहिले आहे. दिवा? संस्थेत दिवे कसले असतात? फोन काढून त्यांनी तिचा फोटो पुन्हा उघडला. दोन वेण्या, एक वर, एक खाली. डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, बाजूला कशाकडे तरी आहेत. कशाकडे? फोटो काढताना तिथे काय होते? मांजर होते? कोणी उभे होते? दुकानात हा फोटो दुसऱ्या कोणी आणला असता तर अप्पाजींनी त्याला हे सगळे विचारल्याशिवाय सोडले नसते. आणि कालपासून हा फोटो त्यांच्या खिशात होता, आणि त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता.

त्यांना अस्वस्थ वाटू लागले. डोक्याला भुंगा लागला म्हणतात तसे. ती सहा वर्षे आपल्याला ठाऊक नाहीत म्हणून ते नाही म्हणायला निघाले होते. पण आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींपासून अप्पाजी आजवर कधी पळाले होते? आता उत्तर दिले नाही तर उद्या ती पुढच्या कुटुंबाकडे जाईल, आणि तिला या चित्रात काय दिसते, ती कशाकडे बघत होती, हे ते मरेपर्यंत कळायचे नाही. मुलगी हातची जाईल याचे दुःख त्यांना त्या क्षणापर्यंत झाले नव्हते. आता झाले, आणि ते इतके जोराचे झाले की त्यांनी दुकान उघडेच टाकले, मणीला उठवून लक्ष ठेव म्हटले आणि चपला न घालता घर गाठले.

पंकजाबाई फोन समोर ठेवून बसल्या होत्या.

"त्या पोरीला एक विचाराचें आहे मला," अप्पाजी म्हणाले. "होय म्हणून कळव."

पंकजाबाईंनी काय विचारायचे ते विचारले नाही. त्यांनी कळवले, फोन बाजूला ठेवला, पदर तोंडाला लावला आणि बऱ्याच वर्षांचे एकदम रडून घेतले. अप्पाजी शेजारी बसले.

भेटायला जायचा दिवस ठरला. पंकजाबाईंनी फुलाफुलांचा झगा घेतला, रंगपेट्या घेतल्या, घरचे लाडू घेतले. अप्पाजींनी नंदिताची परवानगी काढून ती चौकट कापडात गुंडाळली. बसमध्ये पंकजाबाईंना ते कळले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. पोरीला पहिल्यांदा भेटायचे आणि लोंबलेला माणूस दाखवायचा? लोंबलेला आहे असे कोण म्हणाले, अप्पाजी म्हणाले, आणि खिडकीबाहेरच्या भातशेतांकडे बघत बसले.

संस्थेतल्या खोलीत एक लांब बाक होता आणि बाकाच्या टोकाला सौम्या. संस्थेच्या बाईंनी ओळख करून दिली. मुलीने मान वर केली नाही. झगा तिने मांडीवर घेतला तसाच ठेवला. रंगपेटी उघडली नाही. लाडू हातात धरला, खाल्ला नाही. पंकजाबाई गोड बोलत राहिल्या. मग अप्पाजींनी कापड सोडले आणि चौकट तिच्यापुढे धरली, ते धरत तशी, पाय खाली आणि डोके वर. त्यांनी तमिळमध्ये विचारले, हा काय करतो आहे ते मला सांगशील? मी गावात सगळ्यांना विचारले. कोणाचे उत्तर कोणाशी जुळत नाही.

सौम्याने लाडू बाकावर ठेवला. हात अंगावरच्या कपड्याला पुसले. मग तिने दोन्ही हातांनी चौकट घेतली आणि फिरवली. पण नंदितासारखी खाली डोके करून नाही. तिने ती अर्ध्यातच थांबवली, आडवी, आणि बाकावर पालथी न पाडता अलगद निजवली. आता तो माणूस लाकडावर आडवा पडला होता. पाठीखालचा खांब ही त्याची खाट, पायाशी खाटेचे लाकूड, आणि डोक्यामागचे ते पिवळे तेज म्हणजे उशी. एक पाय मुडपून, जसे कोणीही झोपते.

"झोपलाय," ती म्हणाली.

संस्थेच्या बाई कौतुकाने काहीतरी बोलायला गेल्या, तर तिने ओठावर बोट ठेवले.

अप्पाजींच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही. पुसण्यासाठी खिशातून काढलेला रुमाल त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो उलगडला आणि चित्रातल्या माणसाच्या अंगावर पांघरला. तो त्याच्या डोक्यावरूनही गेला. सौम्या बाकावरून सरकत जवळ आली, तिने रुमाल थोडा खाली ओढला, तोंड तेवढे उघडे केले, आणि त्यानंतर त्या खोलीत सगळे हळू आवाजात बोलले.